कार्यकर्त्यासाठी अर्धा तास

भीमा आणि सीना या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंद्रूप हे गाव आहे. दक्षिण सोलापूर तालुक्याच्या या भागात शेतीचे वर्ष मृगापेक्षा उत्तरा-हस्तावर अधिक अवलंबून असते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काळ्या रानात रब्बी ज्वारीची पेरणी साधली तर साधली. एकदा ओल उडाली म्हणजे मालदांडीसारखा काटक वाणही फारसे काही करू शकत नाही. नेमक्या याच दिवसांत विस्तार कार्यकर्त्यावर कामाचा सर्वाधिक भार असतो. खरिपाचे पीक कापणी प्रयोग, अनुदानाचे अर्ज, बियाण्याचे वाटप, आणि अतिवृष्टी झाली तर पंचनामे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला महापूर आला, तेव्हा नदीकाठच्या गावांत पंचनाम्यांपुढे इतर कामे मागे पडली, आणि ते योग्यच होते.

अशा धावपळीत जी गोष्ट सर्वांत आधी वगळली जाते, ती म्हणजे पर्यवेक्षकाने आपल्या हाताखालच्या एकेका कार्यकर्त्याशी स्वतंत्रपणे, निवांत बसून बोलणे. ती वगळल्याने त्या दिवशी काहीच अडत नाही. तिचे विवरणपत्र भरावे लागत नाही, की तिच्यासाठी वरून स्मरणपत्र येत नाही. म्हणूनच ती वगळणे सोपे जाते. परंतु अशा रीतीने वाचविलेला वेळ ही खोटी बचत होय, आणि तिची किंमत अखेर शेतकऱ्याला मोजावी लागते.

बैठका कमी होतात असे मुळीच नाही. तालुक्याच्या ठिकाणी मासिक बैठक भरते, लक्ष्यांक वाचले जातात, साध्य किती व शिल्लक किती याची विचारणा होते, ज्याचे आकडे मागे असतील त्याला उभे केले जाते. अशी बैठकही आवश्यक आहे; आकड्यांवाचून शासनाचे काम चालत नाही. मात्र तीस-चाळीस सहकाऱ्यांसमोर उभा राहून ‘ही कीड मला ओळखता आली नाही’ असे म्हणणारा कार्यकर्ता विरळाच. तेथे सर्वांनाच सर्व काही येत असते.

याचा परिणाम काय होतो हे मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. ही अळी भारतात प्रथम २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात आढळली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ती सोलापूर जिल्ह्यातील मक्यावर दिसून आली. तिच्या डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी पांढुरकी खूण असते व शेपटाकडील भागावर चौकोनात मांडल्याप्रमाणे चार काळे ठिपके असतात. आज हे वर्णन शाळकरी मुलेही सांगतील. त्या वेळी मात्र ही अळी कोणाच्याच परिचयाची नव्हती, आणि पोंग्यातील पानांची छिद्रे पाहून खोडकिड्याचा भास होणे अगदी स्वाभाविक होते. अळी लहान असतानाच उपाय लागू पडतो. एकदा ती पोंग्यात खोल शिरली व तिच्या विष्ठेने पोंगा भरून गेला, की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे ‘मला हे ओळखता आले नाही’ हे वाक्य कार्यकर्त्याने सोमवारी उच्चारले की पुढच्या मासिक बैठकीनंतरही मनात ठेवले, यावर शेतकऱ्याचे पीक व फवारणीचा खर्च अवलंबून असतो. हे वाक्य बाहेर पडण्यास योग्य जागा म्हणजे बांध, आणि ऐकणारा एकच माणूस.

मंद्रूप परिसरात आणखी एक गोष्ट आहे. कर्नाटकाची सीमा भीमेपलीकडे लागूनच असल्यामुळे येथील अनेक घरांत कन्नड बोलली जाते. कोकणातून वा विदर्भातून बदलून आलेल्या तरुण कार्यकर्त्याला बीजप्रक्रियेचे शास्त्र उत्तम येत असते, पण चावडीवरच्या वृद्ध शेतकऱ्याने कन्नडमध्ये विचारलेली शंका त्याला समजत नाही. तो मान डोलावतो आणि पुढच्या गावाला निघतो. ही अडचण कोणत्याही विवरणपत्रात मावत नाही. पर्यवेक्षकाला ती कळली, तर गावातील एखाद्या दोन्ही भाषा जाणणाऱ्या शेतकऱ्याला सोबत घेण्याची व्यवस्था एका दिवसात होऊ शकते. न कळली, तर संपूर्ण हंगाम मान डोलावण्यात जातो.

हा विचार नवा नाही. १९४८ मध्ये उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात ग्रामविकासाचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. त्याचे प्रवर्तक आल्बर्ट मेयर हे अमेरिकन नगररचनाकार होते. गावाला लोकशाही शिकवणाऱ्या खात्याने प्रथम स्वतःच्या आत लोकशाही आणली पाहिजे, खालच्या कार्यकर्त्याने वरिष्ठापुढे मोकळेपणाने बोलले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि ग्रामसेवकाकडे साधारणतः दहा गावे सोपविण्यात आली. शेती, आरोग्य, शिक्षण, सहकार अशी अनेक खात्यांची कामे त्या एकाच माणसाकडे आली. तेव्हा कामाचा बोजा ही आजची तक्रार आहे असे समजण्याचे कारण नाही.

पुढे प्रशिक्षण व भेट पद्धती आली. डॅनियल बेनॉर यांनी जागतिक बँकेच्या साहाय्याने ती मांडली; भारतात १९७४ पासून चंबळ लाभक्षेत्रात ती राबविली गेली व नंतर महाराष्ट्रानेही ती स्वीकारली. तिच्यात दोष पुष्कळ होते. संदेश वरून खाली येई, खालचा प्रश्न वर क्वचितच जाई. कालांतराने ती मागेही पडली. तथापि तिच्यातील एक गोष्ट टाकून द्यायला नको होती, ती म्हणजे ठरलेला वार. पंधरवड्यातील अमुक दिवशी कार्यकर्ता अमुक गावी येणार हे शेतकऱ्याला माहीत असे, आणि पर्यवेक्षकानेही कार्यालयात न बसता त्याच्यासोबत शिवारात हिंडावे अशी अपेक्षा असे. वार ठरलेला असला म्हणजे ‘सवड मिळाली तर’ हा प्रश्नच उरत नाही.

आता वेळेचा हिशेब. एका कृषी पर्यवेक्षकाकडे साधारणतः सहा कृषी सहायक असतात. (२०२५ मध्ये या पदांची नावे बदलून अनुक्रमे उप कृषी अधिकारी व सहायक कृषी अधिकारी अशी झाली, काम तेच राहिले.) प्रत्येकाला पंधरवड्यातून अर्धा तास दिला, तर एकूण तीन तास होतात. पंधरवड्यातील तीन तास निघत नाहीत असे म्हणणाऱ्याने दररोज भ्रमणध्वनीवरील समूहात माहिती मागविण्यात आणि तीच माहिती पुन्हा मागविण्यात किती वेळ जातो, तो एकदा मोजून पाहावा. समूहात आलेल्या आदेशाला ‘होय सर’ असे उत्तर येते. त्या उत्तरातून काही कळते असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

भेट शक्यतो कार्यकर्त्याच्या गावी, शिवारात व दिवसाउजेडी व्हावी. या खात्यात महिला कार्यकर्त्यांची संख्या आता मोठी आहे. भरल्या बैठकीत त्यांची बोलण्याची पाळी पुष्कळदा येतच नाही, आणि बंद खोलीतील भेट त्यांना संकोचाची वाटू शकते. प्रथम कार्यकर्त्याने बोलावे. पर्यवेक्षकाने लक्ष्यांकाचा कागद त्या अर्ध्या तासापुरता पिशवीतच ठेवावा. मागील भेटीत काय करण्याचे कबूल केले होते, ते स्वतःहून सांगावे. झाले नसेल तर तेही सांगावे. कार्यकर्त्याने आपली अडचण सांगितली आणि महिनाभरानंतर तीच अडचण भर बैठकीत त्याच्याविरुद्ध वापरली गेली, असे एकदा जरी घडले तरी त्या मंडळात पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही. भेटी बंद पडण्यास वेळेच्या अभावापेक्षा हे कारण अधिक प्रबळ असते.

पदे रिक्त असल्यामुळे काही ठिकाणी एकाच पर्यवेक्षकाला दोघांचे काम पाहावे लागते. तेथे पंधरवड्याचा आग्रह धरणे अन्यायाचे होईल. महिन्यातून एक भेट पुरे. नवा, बदलून आलेला किंवा एकट्याने दूरची गावे सांभाळणारा कार्यकर्ता मात्र आधी घ्यावा. जो चांगले काम करतो त्याला भेटीची गरज नाही, हा समजही बरोबर नाही. त्याच्याकडेच सांगण्यासारखे अधिक असते.

शेतकऱ्याला ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याच्याकडे सालगडी आहे तो जाणता शेतकरी संध्याकाळी गोठ्यापाशी त्याच्याजवळ घटकाभर बसतो. कोणत्या बैलाचा खांदा सुजला, कोणत्या सरीत पाणी चढत नाही, हे त्याला तेथेच कळते. चार माणसांत विचारले तर गडी ‘सगळे ठीक आहे, मालक’ एवढेच म्हणतो.

रब्बीच्या पेरणीपूर्वीची भेट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरकून घ्यावी, कारण नंतर पावसाचा व पंचनाम्यांचा भरवसा नसतो. त्या भेटीत एवढे विचारले तरी चालेल: बीजप्रक्रियेसाठी गंधक गावात पोहोचले का, कोणत्या गावात शेतकरी ऐकत नाहीत व ते का ऐकत नाहीत, आणि कशाचे उत्तर देता आले नाही. एखाद्या पंधरवड्यात भेट चुकलीच, तर पुढची तारीख पर्यवेक्षकाने त्याच दिवशी कळवावी. कार्यकर्त्याने ती मागण्याची वाट पाहू नये.