ज्ञान, कृती आणि कर्ज

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अधिष्ठातापदी श्रीकांत दातार यांची निवड झाल्याचे ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झाले आणि १ जानेवारी २०२१ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली. ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आणि नंतर अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे विद्यार्थी. त्यांच्या आधी दहा वर्षे त्या पदावर असलेले नितीन नोहरिया हेही मुंबईच्या आयआयटीतून तिकडे गेलेले. तेव्हा दातार हे आडनाव वाचून मराठी माणसाची मान ताठ झाली असेल, तर त्यात वावगे काही नाही. तथापि माणूस कुठला, यापेक्षा तो काय करू पाहतो हा प्रश्न महत्त्वाचा; अभिमानाच्या भरात तो बहुधा विचारायचा राहून जातो.

अशा संस्थेचा अधिष्ठाता म्हणजे कारखान्याचा व्यवस्थापकीय संचालक नव्हे. प्राध्यापकांना हुकूम सोडून त्याचे भागत नाही. त्यांचे मन वळवावे लागते. तरीही एखादा अधिष्ठाता संस्थेला कायमचे वळण लावून जातो. १९०८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे दुसरे अधिष्ठाते वॉलेस डॉनम हे कायद्याचे शिक्षण घेतलेले आणि बँकेतून आलेले गृहस्थ. कायद्याच्या वर्गात खटले समोर ठेवून शिकवितात, त्याप्रमाणे व्यवसायाच्या वर्गात प्रत्यक्ष घडलेले पेचप्रसंग ठेवावेत, असा त्यांचा आग्रह होता. १९१९ ते १९४२ या त्यांच्या कारकिर्दीत ही पद्धत तेथे रुजली. १९६१ मध्ये हार्वर्डच्या सहकार्याने अहमदाबादची संस्था उभी राहिली, तेव्हा ती आपल्याकडेही आली. या पेचप्रसंगांचा नायक प्रायः कंपनीचा वरिष्ठ अधिकारी असतो, त्याच कंपनीतला कारकून क्वचितच. असो.

दातारांचा विचार पद मिळाल्यावर सुचलेला नाही. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर, २०१० मध्ये, दोन सहकाऱ्यांसह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी व्यवस्थापन शिक्षणाची झडती घेतली होती. विद्यार्थ्याला काय ठाऊक आहे, त्याला काय करता येते आणि तो स्वतः कोण आहे, असे या शिक्षणाचे तीन भाग त्यांनी केले. पहिल्यावर संस्था वाजवीपेक्षा अधिक भर देतात आणि उरलेले दोन उपाशी राहतात, असा त्यांचा मुख्य आक्षेप आहे. तो रास्तही आहे. एन्रॉनचे जेफ्री स्किलिंग १९७९ मध्ये याच संस्थेतून बाहेर पडले होते. हुशारीत ते कमी पडले असे कोणी म्हणणार नाही.

परंतु तिसरा भाग शिकवायचा कसा? २००९ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनीच प्रामाणिक व्यवहाराची एक शपथ तयार केली आणि अनेकांनी तीवर सह्या केल्या. शपथेला आमचा विरोध नाही. पण ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे, त्याला नोकरी निवडताना शपथ आधी आठवते की हप्ता? लहान उद्योग, सार्वजनिक सेवा किंवा स्वतःचा धंदा हे मार्ग त्याला नावडते असतात असे नव्हे. ते त्याला परवडत नाहीत. चुकीच्या हिशेबावर सही करण्यास नकार देण्याचे धैर्यसुद्धा, राजीनामा देण्याची ऐपत असेल, तरच टिकते.

म्हणून दातारांच्या कारकिर्दीतला २०२२ चा एक निर्णय आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. सर्वाधिक गरजू अशा सुमारे दहा टक्के विद्यार्थ्यांना शिकवणीचे संपूर्ण शुल्क माफ करण्याचे संस्थेने त्या वर्षी जाहीर केले. हे शुल्क वर्षाला सुमारे ७६,००० डॉलर होते. त्याच वर्षी संगणकीय तंत्र आणि माहितीविज्ञान यांसाठी तेथे नवे केंद्र निघाले, त्याचा गाजावाजा अधिक झाला. असे केंद्र आज ना उद्या कोणत्याही अधिष्ठात्याने काढलेच असते. शुल्कमाफीकडे मात्र दानधर्म म्हणून नव्हे, तर अभ्यासक्रमाचाच एक भाग म्हणून पाहिले पाहिजे. अर्थात हार्वर्डची तिजोरी मोठी आहे आणि उरलेल्या नव्वद टक्क्यांचा प्रश्न संपलेला नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक टोकदार आहे. अहमदाबादच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क वीस लाखांच्या पुढे गेलेले आहे. गरजूंना तेथे सवलत मिळते हे खरे. पण शिक्षकाचा किंवा कारकुनाचा मुलगा अशा संस्थेच्या वर्गात प्रायः बँकेच्या दारातूनच प्रवेश करतो. पुढे दरवर्षी वृत्तपत्रांत पहिला मान मिळतो तो सर्वांत मोठ्या पगाराच्या आकड्याला, आणि या दोषातून आम्हीही सुटलेलो नाही. त्या आकड्याशेजारी विद्यार्थ्यांच्या सरासरी कर्जाचा आकडाही संस्थांनी छापावा, एवढी मागणी पालकांना आजही करता येईल.