परमुलखात कसली भीड?

मेथीची जुडी २० रुपयांना म्हटली की आपण "१५ला दे" म्हणून भाजीवालीशी पाच मिनिटं घासाघीस करतो. दुधाच्या हिशेबात एक खाडा चुकला तरी तो आपल्या नजरेतून सुटत नाही. रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त मागितले तर पदर खोचून सरळ चालायला लागतो. पण हीच आपण बाई परदेशातल्या एखाद्या शहरात टॅक्सीच्या दाराशी उभी राहिली, की कोण जाणे काय होतं! समोरचा जो आकडा सांगेल तो मुकाट्याने मोजून देतो. वर स्वतःचीच समजूत घालतो, "जाऊ दे, सहलीला आलोय, कशाला वाद?"

मैत्रिणींनो, हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, म्हणूनच आज लिहायला बसले.

डिसेंबर २०१८ची गोष्ट. आमच्या मंडळातल्या आम्ही चौघीजणी बँकॉकच्या सहलीला गेलो होतो. मी, माझ्या जाऊबाई, शाळेत शिकवणारी एक मैत्रीण आणि आमच्या सगळ्यांच्या लाडक्या मावशी. मावशी तेव्हा बासष्टच्या. काका गेल्यावर चार वर्षं त्या घराबाहेर फारशा पडल्या नव्हत्या. "या वयात कशाला?" असं मुलगा म्हणत असतानाही त्यांनी भिशीचे पैसे साठवून आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता. विमानात खिडकीशी बसल्या तेव्हाचा त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही.

सहलीचा शेवटचा दिवस मोकळा होता. आपण आपलं जाऊन ग्रँड पॅलेस बघू या, असं ठरलं. हॉटेलबाहेर टॅक्सी उभीच होती. "मीटर नाही, फार ट्रॅफिक, ६०० बाथ," ड्रायव्हर म्हणाला. त्या वेळी एका बाथला दोन रुपयांच्या वर पडत होते. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं, मी ते वर लिहिलेलं वाक्य म्हटलं आणि बसलो.

पॅलेसच्या भिंतीजवळ उतरलो तर एक नीटनेटके कपडे घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस हसत पुढे आला. "आज धार्मिक विधी आहे, एक वाजेपर्यंत पॅलेस बंद. तोवर दुसरी देवळं बघून या. टुकटुक फक्त २० बाथ!" चौघी दाटीवाटीने बसलो. एक देऊळ झालं. तिथे भेटलेल्या दुसऱ्या 'सभ्य गृहस्थां'नी सहज बोलता बोलता सांगितलं, की आज सरकारी रत्नविक्रीचा शेवटचा दिवस आहे. टुकटुक तिथून थेट दुकानाच्या दारात! मावशींनी सुनेसाठी नीलमाची अंगठी घेतली, ८५०० बाथना. दोन वाजता परत आलो तेव्हा पॅलेसच्या मुख्य दारातून माणसांची रीघ लागली होती. तो सकाळपासून उघडाच होता.

परतताना रस्त्यावरची टॅक्सी थांबवली. त्या ड्रायव्हरने न सांगता मीटर टाकला. हॉटेलपाशी आकडा आला ९१ बाथ. तेच अंतर आणि तेच ट्रॅफिक, बरं का!

नाशिकला आल्यावर सराफ बाजारात अंगठी दाखवली. खडा खरा होता, पण अगदी हलक्या प्रतीचा. १८ हजारांच्या अंगठीला दोन हजारसुद्धा कोणी देणार नव्हतं. मावशी काही बोलल्या नाहीत. अंगठी सुनेलाही दिली नाही. पुढच्या वर्षी मंडळाची हंपीची सहल निघाली तेव्हा म्हणाल्या, "नको गं, गुडघे धरतात." दर नवरात्रात सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या मावशींचे गुडघे! मग एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घरी कळलं तर 'तरी मी सांगत होतो' असंच ऐकायला लागेल ना?"

या प्रकरणातला खरा तोटा हा आहे. पैसे गेले ते गेले, पण बासष्टाव्या वर्षी उघडलेलं एक दार लाजेपायी पुन्हा बंद झालं.

म्हणून जरा शांतपणे विचार करू या. आम्ही फसलो ते का? इंग्रजी येत नव्हतं म्हणून? मुळीच नाही, आमच्यातल्या दोघी पदवीधर आहेत. आम्ही फसलो ते भिडेपोटी. चारचौघांत तमाशा नको, समोरचा इतका गोड बोलतोय त्याला खोटं कसं म्हणायचं, आपल्याला इथलं काय कळतंय! 'भीड ही भिकेची बहीण' असं आपली आजी सांगायची, ते उगीच नाही. ठकवणारा आपल्या अज्ञानापेक्षा आपल्या भिडेवर जास्त जगतो. आणि भीड मोडायला भांडखोर व्हावं लागत नाही. आधी थोडी माहिती असली की पुरतं.

बँकॉकचंच घ्या. तिथल्या टॅक्सीला मीटर आहे आणि साध्या गाडीचा मीटर ३५ बाथपासून सुरू होतो. सुवर्णभूमी विमानतळावर तळमजल्यावर टॅक्सीची रांग असते. तिथल्या यंत्रातून चिठ्ठी निघते, त्यावर गाडी कुठे उभी आहे तो क्रमांक असतो. ती चिठ्ठी शेवटपर्यंत आपल्या पर्समध्ये ठेवायची. ड्रायव्हरने मागितली तरी द्यायची नाही, कारण तक्रार करायची वेळ आली तर तोच आपला पुरावा. मीटरच्या आकड्यावर विमानतळाचा वेगळा आकार द्यावा लागतो आणि वाटेतला टोलही प्रवाशानेच भरायचा असतो. आत आगमन कक्षातच "टॅक्सी, मॅडम?" म्हणत जो मागे लागतो, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. ज्याची गाडी रांगेत आहे त्याला आत येऊन गिऱ्हाईक शोधण्याची गरजच काय? सामान कमी असेल तर २०१० पासून विमानतळावरून शहरात लोकल गाडी आहे. ती साधारण अर्ध्या तासात फाया थाई स्टेशनला पोचवते, तीही ५० बाथच्या आत.

शहरात, हॉटेल आणि मॉलच्या दाराशी ठाण मांडून उभी असलेली टॅक्सी टाळावी. चार पावलं पुढे जाऊन चालती टॅक्सी थांबवावी. दार उघडायच्या आधी एकच शब्द विचारायचा, "मीटर?" तो जगभर कळतो. 'नाही' म्हटलं तर हसून "थँक्यू" म्हणायचं आणि पुढची गाडी बघायची. वाद नाही की तमाशा नाही. किंमत ठरवायची ती सामान डिकीत जाण्याआधी. एकदा बॅग आत गेली आणि डिकी बंद झाली की आपलं बोलणं संपलं!

टुकटुकला मीटर नसतो, त्यामुळे बसण्याआधी आकडा ठरवायलाच हवा, आणि तोही माणशी की सगळ्यांचा मिळून हे विचारून. पण अगदी स्वस्त टुकटुकची जास्त भीती बाळगा. अहो, २० बाथमध्ये अर्धा दिवस फिरवलं तर त्याच्या इंधनाचा तरी खर्च निघेल का? उरलेले पैसे दुकानदार देतो आणि दुकानदार ते आपल्याकडून वसूल करतो. थायलंडमधल्या चांथाबुरीच्या माणकांना आणि नीलमांना खरोखरच नाव आहे, म्हणून ही थाप पटते. थाप नेहमी खऱ्याला चिकटूनच चालते ना! 'आज बंद आहे' हे रस्त्यावरच्या माणसाकडून ऐकायचं नाही, मुख्य दारापर्यंत चालत जाऊन डोळ्यांनी बघायचं. ग्रँड पॅलेस साधारणपणे रोज सकाळी साडेआठपासून दुपारी साडेतीनपर्यंत उघडा असतो. आमच्यासारखे लोक इतके फसतात, की परक्या माणसावर विश्वास ठेवू नका अशा सूचना पॅलेसच्या बाहेरच लावलेल्या असतात. आम्ही तिथवर पोचलोच नव्हतो!

आणखी दोन-तीन गोष्टी कुठल्याही शहरात उपयोगी पडतील. हॉटेलचं नाव-पत्ता तिथल्या लिपीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा, म्हणजे "मला कळलं नाही" म्हणून लांबचा फेरा होत नाही. सुटे पैसे वेगळ्या पाकिटात असू द्या. मोठी नोट देताना ती किती रकमेची आहे ते मोठ्याने म्हणून द्या, म्हणजे "तुम्ही १०० चीच दिलीत" असं म्हणायला वाव राहत नाही. मोबाइलवर ग्रॅबसारखं अॅप असेल तर भाडं आधीच दिसतं आणि गाडीचा नंबर घरी पाठवता येतो. पण तेव्हाही गाडीचा नंबर जुळवूनच बसा. आणि टॅक्सीत काही विपरीत वाटलंच, तर उजेडाच्या, माणसांच्या जागी, एखाद्या हॉटेलपाशी किंवा पेट्रोलपंपावर थांबवायला सांगा. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५ आहे, तो लक्षात ठेवा. मात्र रात्री, एकट्या असताना, शंभर-दोनशेसाठी भांडत बसू नका. आधी सुरक्षित उतरा, तक्रार नंतर. भीड सोडायची म्हणजे शहाणपण सोडायचं नव्हे.

माहितीचा आणखी एक फायदा आहे. तिच्यामुळे प्रामाणिक माणसावर उगाच संशय जात नाही. दुबईच्या विमानतळावरून निघणाऱ्या टॅक्सीचा मीटर २५ दिरहॅमपासून सुरू होतो, म्हणजे शहरातल्यापेक्षा बराच जास्त. ते माहीत नसलेले आपले लोक ड्रायव्हरवर डाफरतात. तो बिचारा केरळचा नाहीतर पेशावरचा, घर सोडून पोटासाठी आलेला! पॅरिसमध्ये २०१६ पासून विमानतळ ते शहर टॅक्सीचं भाडं सरकारनेच ठरवून दिलंय. रोममध्येही विमानतळावरून शहराच्या जुन्या तटबंदीच्या आत जायला ठरलेला दर आहे. निघण्याआधी त्या वर्षीचा आकडा बघून वहीत लिहिला, तर घासाघीस करायचीही गरज नाही आणि कोणावर ओरडायचीही.

आणि थोडं आपल्या दारातही बघू या. मुंबईत जुने मीटर होते तेव्हा आकडा एक आणि भाडं दुसरं असायचं, त्यासाठी दरपत्रक मागावं लागे. परगावच्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार? आमच्या नाशकात, पंचवटीत, परप्रांतातून आलेल्या म्हाताऱ्या यात्रेकरूंना रिक्षावाले काय आकडे सांगतात ते मी कानांनी ऐकलंय. अशा वेळी "मावशी, एवढे होत नाहीत हो," असं आपण पुढे होऊन म्हणतो का? बँकॉकमध्ये त्या सकाळी हॉटेलचा दरवान आमच्याकडे बघत उभा होता. त्याला सगळं माहीत असणार. तो एक शब्द बोलला असता तर? तोच प्रश्न आपण स्वतःलाही विचारायला हवा.

घरातल्या मंडळींनाही एक सांगणं आहे. आई, बायको, बहीण फसून आली तर "तरी मी सांगत होतो" हे वाक्य कृपा करून गिळा. पुरुष काय फसत नाहीत? ते घरी येऊन सांगत नाहीत, एवढंच! या एका वाक्याच्या धाकाने किती बायका झालेली फसवणूक पोटात ठेवतात. त्यामुळे पुढच्या बाईला सावध करणारं कोणी उरत नाही आणि ठकाचं दुकान तसंच चालू राहतं.

मावशींचं पुढे काय झालं म्हणाल, तर गेल्या हळदीकुंकवाला मी मंडळात हा विषय काढला. कोणाचं नाव न घेता. सगळ्या गप्प. तेवढ्यात मावशीच उठल्या आणि म्हणाल्या, "ती मीच." पर्समधून अंगठी काढून त्यांनी सगळ्यांसमोर ठेवली. मग काय! एकीला दिल्लीत, एकीला सिंगापूरला, एकीला तर कोल्हापुरात, प्रत्येकीची एकेक कहाणी बाहेर आली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मावशींचा मुलगा त्यांना न्यायला आला होता, तो दारातच उभा राहून ऐकत होता. तो काहीच बोलला नाही. आईच्या हातातली पिशवी तेवढी त्याने घेतली.

पुढच्या आठवड्यात मावशींचा फोन आला. "अगं, पासपोर्टची मुदत दहा वर्षं असते ना? मग अजून आहे की माझी. आणि तो पोलिसांचा नंबर काय म्हणालीस? थांब, डायरी घेते."