संभाषण की उलटतपासणी?

आमच्या सुशिक्षित घरांतून आईबाप मुलांशी बोलेनासे झाले आहेत, असे कोणी म्हटले तर जळगाव-धुळ्याचे पालक संतापतील. "आम्ही रोज रात्री मुलांस जवळ घेऊन बसतो!" असे ते बजावतील, आणि ते खोटे नाही. पण बसून होते काय? ताटात भरीत आणि कळण्याची भाकरी पडण्यापूर्वीच पहिला प्रश्न पडतो : चाचणीत किती मिळाले? दुसरा : वर्गात पहिला कोण आला? तिसरा : शिकवणीला वेळेवर गेला होतास ना? यास जर संभाषण म्हणावयाचे, तर न्यायालयातील उलटतपासणीसही गप्पागोष्टी म्हणण्यास हरकत नसावी.

हा दोष मी परक्यांच्या माथी मारीत नाही. तीस वर्षे वर्गात प्रश्न विचारण्याची सवय जडलेला मी, घरीही तोंडी परीक्षाच घेत आलो. एके रात्री मुलगी म्हणाली, "बाबा, आज कॉलेजात काय झाले, हे तुम्ही मला कधी सांगतच नाही." त्या वाक्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ज्या खानदेशात आपण राहतो, त्याने याहून निराळा पाठ घालून दिलेला आहे. जळगावलगतच्या आसोद्यास 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी विद्यार्थिदशेत पाठ्यपुस्तकातील सावित्रीची कथा आईस वाचून दाखविली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्या कथेचे गाणेच रचून ठेवले होते, असे सांगतात. या माउलीने धडा पाठ झाला की नाही हे विचारले नाही. मुलाने दिले ते तिने घेतले आणि त्यात स्वतःची भर घालून परत केले. पुढे मुलाने आईची गाणी उतरवून घेतली, म्हणूनच 1952 साली, तिच्या निधनानंतर वर्षभरात, ती महाराष्ट्राच्या हाती आली.

दुसरे उदाहरण विनोबांचे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याआधी विनोबांच्या हातून 'गीताई' झाली, तिचे मूळ घरातल्या एका बोलण्यात आहे. संस्कृत गीता आपणास कळत नाही, असे आईने मुलापाशी मोकळेपणी सांगितले होते. ती 1918 साली वारली. मुलाने पुढे बारा वर्षांनी तिची अडचण दूर करावयास घेतली. आमच्यापैकी किती पदवीधर आईबाप आपले अज्ञान मुलापाशी असे कबूल करतील?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, वेळ नाही. पण बहिणाबाईंस दळणकांडण आणि शेतीचे काम यांतून वेळ कोठे होता? वेळ नसलेल्या आईबापांस हातात मोबाईल घेऊन तासभर बसण्यास तो बरा सापडतो! दुसरा आक्षेप असा की, चौकशी केली नाही तर मूल बिघडेल. चौकशी अवश्य करावी. परंतु ज्याची रोज झडती घेतली जाते, तो मनुष्य हळूहळू लपविण्यात निष्णात होतो. मुलेही मनुष्येच आहेत.

आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पुष्कळ घरांत बाप आपल्या आईशी अहिराणीत पोट धरून हसतो, आणि मुलाकडे वळताच पाठ्यपुस्तकी मराठी, नाही तर ओढूनताणून आणलेली इंग्रजी बोलू लागतो. जिव्हाळ्याची भाषा एक आणि जाब विचारण्याची दुसरी, हे मुलास चौथ्या वर्षीच उमगते. मग आजी एकीकडे बोलत राहते, नातू दुसरीकडे गप्प बसतो, आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांस वडीलधाऱ्यांची ओढ राहिली नाही!

वाचकांपाशी माझे मागणे फार मोठे नाही. आज रात्री ताटे मांडल्यावर पहिले वाक्य आईने किंवा बापाने बोलावे, ते स्वतःविषयी असावे, आणि त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नसावे. कचेरीत झालेली फजिती सांगा, बाजारात भेटलेला जुना सोबती सांगा, आपणास न सुटलेले कोडे सांगा. आणि ते आजीलाही कळेल अशा बोलीत सांगा. मूल लगेच बोलेल अशी अपेक्षा मात्र धरू नका. इतकी वर्षे आपण त्यास केवळ उत्तरे देण्यास शिकविले आहे.