मान्यतेपुरतं मंडळ

मद्रास आयआयटीत मे महिन्यात फारसं काही घडत नाही. सेमिस्टर संपलेलं, होस्टेलं निम्मी रिकामी. गिंडीच्या जंगलाला लागून असलेल्या त्या आवारात पोरांपेक्षा चितळंच जास्त दिसावीत असे दिवस. २०१५ च्या मे महिन्यात मात्र डीनच्या कार्यालयातून गेलेल्या एका ईमेलने देशभर गदारोळ उडाला. ती गेली होती ‘आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कल’ या विद्यार्थी गटाला. दिलेल्या सवलतींचा गैरवापर केल्याने तुमची मान्यता काढून घेतली आहे, असा तिचा आशय.

गट जेमतेम वर्षाचा. १४ एप्रिल २०१४ ला, आंबेडकर जयंतीच्या मुहूर्तावर सुरू झालेला. काम म्हणाल तर व्याख्यानं ठेवायची, पत्रकं वाटायची आणि वाद घालायचा. विषय मात्र अभियंत्यांच्या कॅम्पसवर सहसा न निघणारे: आवारातल्या पाट्यांवरची हिंदी, कामगार कायदे, घरवापसी, गोमांसबंदी. पहिली कुरबूर झाली ती नावावरूनच. आंबेडकर आणि तमिळ समाजसुधारक पेरियार या दोन नावांमुळे विद्यार्थ्यांत तट पडतात, तेव्हा नाव बदला, असं प्रशासनाने सुचवलं. पोरांनी ऐकलं नाही. आता त्याच आवारात विवेकानंदांच्या नावाचं स्टडी सर्कल आधीपासून सुखाने नांदत होतं आणि त्या नावाने कुणात तट पडल्याचं प्रशासनाला कधी जाणवलं नव्हतं. गंमत अशी की, पुढे ज्या कार्यक्रमावरून सगळं बिनसलं, त्यातल्या पाहुण्यांचं नाव होतं आर. विवेकानंद गोपाल.

हे गोपाल कुप्पमच्या द्रविड विद्यापीठातले. २०१५ च्या एप्रिलमध्ये ते आंबेडकर आज का महत्त्वाचे, या विषयावर बोलले. त्या निमित्ताने निघालेल्या पत्रकात मोदी सरकारच्या धोरणांवर आणि हिंदुत्ववादी राजकारणावर सडकून टीका होती. ते कुणाला तरी झोंबलं आणि दिल्लीत मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडे तक्रार गेली. तक्रारीवर सही नव्हती. हा गट विद्यार्थ्यांत द्वेष पसरवतो, पंतप्रधानांविरुद्ध आणि हिंदूंविरुद्ध भडकवतो, असा तिचा सूर.

इथे जरा थांबायला हवं. भ्रष्टाचाराच्या निनावी तक्रारींवर कारवाई करू नये, असं केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ सालीच सांगून ठेवलं आहे. म्हणजे साहेबाने पैसे खाल्ले असं बिनसहीचं पत्र आलं तर ते दप्तरी दाखल करायचं. पोरांनी पत्रक वाटलं असं बिनसहीचं पत्र आलं तर त्यावर थेट मंत्रालयाचं आवरणपत्र चढतं! आणि मंत्रालयाने तरी काय लिहिलं होतं? मान्यता काढा, असं नव्हे. संस्थेने आपला अभिप्राय कळवावा, इतकंच. पण आपल्या कार्यालयांची रीत सर्वांना ठाऊक आहे. वरून अभिप्राय मागवणारा कागद आला की खालचा माणूस कारवाई करून मोकळा होतो आणि मग ‘कारवाई केली आहे’ हाच अभिप्राय पाठवतो.

संस्थेचं म्हणणंही नोंदवायला हवं. परवानगीशिवाय संस्थेचं नाव वापरायचं नाही, असा नियम आहे आणि गटाने तो मोडला. मतं मांडायला कुणाची ना नाही, असं प्रशासन सांगत राहिलं. नियम तसा गैर नाही. पत्रकावर संस्थेचं नाव छापलं की ते मत संस्थेचं वाटू शकतं. पण मग पोरांना बोलवायचं, पत्रक समोर ठेवायचं, कुठला नियम कुठे मोडला ते दाखवायचं आणि त्यांचं ऐकून घ्यायचं. आपल्याला बाजू मांडायची संधीच मिळाली नाही, हीच गटाची मुख्य तक्रार होती, आणि तिला उत्तर नव्हतं. शिक्षा आधी आणि चौकशी मागाहून, हा कारभार कुठल्याच नियमात बसत नाही.

मान्यता गेली म्हणजे नेमकं काय जातं? सभागृह जातं, सूचनाफलक जातो, संस्थेचं नाव लावायचा हक्क जातो. माणसं तिथेच राहतात. या प्रकरणात तर ती वाढली. चेन्नईत निदर्शनं झाली, दिल्लीत झाली, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने संस्थेकडे खुलासा मागितला आणि ७ जूनला, म्हणजे सुमारे पंधरवड्यानेच, मान्यता परत मिळाली. तोवर जे नाव गिंडीबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं, ते देशातल्या कॅम्पस-कॅम्पसवर पोचलं होतं. पवईच्या आयआयटीतल्या पोरांनी त्यात फुल्यांची भर घालून ‘आंबेडकर-पेरियार-फुले स्टडी सर्कल’ उभं केलं. निनावी तक्रारदाराने एवढा प्रचार स्वतःच्या खर्चाने केला नसता.

आंबेडकर आणि पेरियार ही जोडी काही पोरांनी ओढूनताणून जुळवलेली नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली बाबासाहेबांना आपल्या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी बोलावलं, भाषण आधी मागवून वाचलं आणि त्यातला काही मजकूर गाळा म्हणून गळ घातली. त्यांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. मग त्यांनी ते भाषण स्वतःच छापलं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या, आणि तमिळ भाषांतर आलं ते पेरियारांच्या ‘कुडी अरसू’ साप्ताहिकातून. पुढे १९४० च्या जानेवारीत दोघं मुंबईत भेटलेही.

पवईच्या गटाने हात घातला तो आणखी जवळच्या विषयाला, ताटाला. २०२३ मध्ये होस्टेल बाराच्या कँटीनमध्ये ‘इथे फक्त शाकाहारींनी बसावं’ अशा चिठ्ठ्या दिसल्या. गटाने त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे मेसमधली सहा टेबलं रीतसर शाकाहारींसाठी राखून ठेवण्यात आली. निषेध म्हणून एका विद्यार्थ्याने त्यातल्याच एका टेबलावर बसून सामिष जेवण घेतलं, तर त्याला दहा हजार रुपये दंड! मेसच्या टेबलाची किंमत एवढी असते, हे तोवर कुणाला कळलं नव्हतं.

देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये मद्रासचीच वाट धरली. तिथे ‘प्रोग्रेसिव्ह स्टुडंट्स फोरम’वर बंदी आली, हा गट अनधिकृत आहे, संस्थेची बदनामी करतो, असं कारण देण्यात आलं. नंतर तीही मागे घ्यावी लागली.

महाराष्ट्रात या गटांचं महत्त्व जास्त, कारण इथे विद्यार्थ्यांना बोलायला दुसरी जागा ठेवलेलीच नाही. हाणामाऱ्या आणि १९८९ मध्ये मुंबईत झालेला एका विद्यार्थ्याचा खून यांमुळे महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका बदनाम झाल्या आणि १९९४ च्या कायद्याने त्या बंद झाल्या. मार्कांवरून प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकांचं दार पुन्हा उघडलं. २०१९ साली वेळापत्रकही जाहीर झालं, पण मतदान झालं नाही. विद्यार्थी राजकारणाने शिक्षणाचा खेळखंडोबा होतो, असं सरकारला खरंच वाटत असेल तर ती तरतूद कायद्यातून काढून टाकावी. वाटत नसेल, तर तारीख जाहीर करावी.