भयाला ताल देणाऱ्यांची बाजू

पूर्वपक्ष आधी मांडतो, आणि जितका जोरकस मांडता येईल तितका मांडतो. कमजोर करून मांडलेला पूर्वपक्ष खोडण्यात पुरुषार्थ नाही.

सूझी अँड द बॅनशीज हा लंडनचा बँड १९७६ ते १९९६ अशी वीस वर्षं चालला. पंकच्या धुरळ्यातून इंग्लंडात जे पोस्ट-पंक संगीत निघालं आणि त्यातल्या काळोख्या शाखेला पुढे गॉथिक रॉक हे नाव पडलं, त्या दोन्हींची पायाभरणी करणाऱ्यांत हा बँड पहिल्या रांगेत होता. शिरोळ-जयसिंगपूरच्या संगीतप्रेमी मंडळींसमोर त्याचं नाव काढलं की तीन आक्षेप येतात. यांना वाजवता येत नव्हतं. यांच्या गाण्यांत मरण, वेड आणि भीती यांच्याशिवाय काही नाही, त्यामुळे वाढत्या वयाच्या पोरांच्या मनावर सावट येतं. आणि आपण कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची, दत्ताच्या पालखीत नि भजनी मंडळात वाढलेली माणसं. काजळाने डोळे माखलेल्या त्या बाईशी आपलं काय नातं? याखेरीज एक चौथा आक्षेप आहे. तो सगळ्यांत जड आहे आणि बहुतेक जण करतच नाहीत. तो मीच करणार आहे.

वाजवता येत नव्हतं, हे अगदी खरं. २० सप्टेंबर १९७६ रोजी लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या १०० क्लबमध्ये पंकचा जलसा होता आणि कार्यक्रमपत्रिकेत एक जागा रिकामी होती. सूझी स्यू (खरं नाव सुसान बॅलियन) आणि स्टीव्हन सेव्हरिन यांनी ती मागून घेतली. ड्रमवर सिड व्हिशस बसला, गिटार मार्को पिरोनीने धरली. गाणं एकही बसवलेलं नव्हतं. ख्रिस्ती प्रार्थनेचे शब्द धरून त्यांनी वीसेक मिनिटं मनाला येईल ते वाजवलं आणि ते उतरले. आमच्या इथल्या एका जाणत्या पेटीवादकांनी हे ऐकून विचारलं, "मग यात कला कुठे आली?"

कला त्या रात्री नव्हती, पुढच्या दोन वर्षांत आली. सूझी आणि सेव्हरिन यांनी केनी मॉरिस हा ड्रमवाला आणि जॉन मॅके हा गिटारवाला घेऊन बँड घडवला. रॉकमध्ये गिटारवाल्याने ब्लूजच्या वळणाची लांबलचक तान घ्यायची, हा तोवरचा शिरस्ता. तो त्यांनी मोडला. ड्रममध्ये झांजांची सततची किणकिण काढून टाकली आणि सगळा भार टॉम-टॉमच्या खोल ठोक्यांवर टाकला. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याच्या धुरळ्यात ढोल घुमायला लागला की ठोका कानाच्या आधी छातीला लागतो. मॉरिसचे आणि त्याच्यानंतर आलेल्या बजीचे ठोके तसे लागतात. काय वाजवायचं नाही हे ज्याला इतकं नेमकं ठाऊक आहे, त्याला अडाणी कसं म्हणायचं?

लंडनच्या रेकॉर्ड कंपन्यांनाही हे कळायला वेळ लागला. बँडच्या बाजूने लोकांनी कंपन्यांच्या भिंतींवर रंगाने लिहिलं की यांना करारबद्ध करा. पॉलिडॉरने जून १९७८ मध्ये सही केली. ऑगस्टमध्ये 'हाँगकाँग गार्डन' आलं आणि ब्रिटिश यादीत सातव्या क्रमांकावर गेलं. नोव्हेंबरमध्ये 'द स्क्रीम' ही पहिली तबकडी आली. दोन वर्षं कुणी दारात उभं केलं नाही तरी चाल बदलली नाही, याला मी साधना म्हणतो. पेटीवादक मंडळींनी हा शब्द आपल्यापुरता राखून ठेवू नये.

'वाजवता येत नाही'सारखा 'लिहिता येत नाही' हा आक्षेप मराठीला नवा नाही. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, तेव्हा ही कविता नाहीच म्हणणारे थोडेथोडके नव्हते. आज त्या पुस्तकाशिवाय मराठी कवितेचा इतिहास लिहून दाखवावा. आणि रॉक म्हणजे परक्या गावचं खूळ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की आपल्याच जिल्ह्याच्या गावी, कोल्हापुरात जन्मलेले अरुण कोलटकर अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले आणि सत्तरच्या दशकात इंग्रजीत रॉकची गाणी लिहून, ध्वनिमुद्रित करून बसले. 'जेजुरी' लिहिणाऱ्याला या दोन गोष्टींत भांडण दिसलं नाही.

आता सावटाचा मुद्दा. हा आक्षेप आयांचा आहे आणि काळजीतून येतो, म्हणून तो मी हलक्याने घेत नाही. पण ही गाणी कशाबद्दल आहेत ते आधी पाहावं. 'हॅपी हाउस' (१९८०) हे सुखी घराच्या सोंगाबद्दलचं गाणं आहे: वरून सगळं छान, आत कुणी कुणाशी खरं बोलत नाही. 'क्रिस्टीन' एका अशा बाईबद्दल आहे जिच्या एकाच देहात अनेक व्यक्तिमत्त्वं नांदत होती. ती बाई खरी होती, तिच्या आजाराचा वैद्यकीय इतिहास प्रसिद्ध झाला होता. 'सिटीज इन डस्ट' (१९८५) ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईबद्दल आहे. यांत मरणाची पूजा कुठे आहे? ज्या गोष्टी घरात दबक्या आवाजात बोलल्या जातात, त्या इथे मोठ्याने आणि तालात बोलल्या आहेत. सूझी चौदा वर्षांची असताना तिचे वडील दारूने गेले. पुढे ती आतड्याच्या दुखण्याने रुग्णालयात पडली आणि तिथल्या दूरचित्रवाणीवर डेव्हिड बोवीला पाहून तिला वाटलं की वेगळं असणं ही लाजेची गोष्ट नाही. सावट त्या मुलीच्या आयुष्यात गाण्याच्या फार आधी आलं होतं. गाण्याने तिला त्यातून चालायला वाट दिली.

शिवाय आपण मराठी वाचक कुठले एवढे उजेडाचे? नारायण धारपांच्या भयकथा वाचनालयातून हातोहात जायच्या. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या जी. ए. कुलकर्णींच्या कथांत माणूस नियतीच्या जात्यात भरडला जातो, आणि आपण त्या पोरांच्या अभ्यासक्रमाला लावतो. ते योग्यच करतो. मग तेच भय गिटार घेऊन आलं की तेवढं घातक कसं होतं, हे कुणीतरी मला समजावून सांगावं.

नात्याच्या मुद्द्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण इथे पूर्वपक्ष आपल्याच गावाला ओळखत नाही. शिरोळ तालुका चार नद्यांचा: कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या पाण्याने काय केलं ते इथल्या कुठल्याही घराला विचारावं लागत नाही. अशा मुलखात नृसिंहवाडीला पाणी चढतं, दत्ताच्या देवळात शिरतं, गाभाऱ्यातल्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या वेळी लोक काय करतात? त्या पाण्यात स्नान करायला धावतात. त्याला आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो. जी नदी शेत खाणार आहे, घर पाडणार आहे, तिचंच पाणी डोक्यावर घेऊन 'दिगंबरा दिगंबरा' म्हणणारी ही माणसं आहेत. भयाकडे पाठ न फिरवता त्याला विधी, ताल आणि घोष देणं आमच्या अंगवळणी पडलेलं आहे. तिकडे खिद्रापूरला शिलाहारांनी बाराव्या शतकात जे अप्रतिम देऊळ उभं केलं, ते कोपेश्वराचं. सतीच्या दाहाने कोपलेल्या शिवाचं. त्याच्या स्वर्गमंडपाला मध्यभागी छत नाही, वर उघडं आकाश आहे. कोप आणि शोक यांच्यासाठी इतकं देखणं घर बांधणाऱ्या मुलखाने पाँपेईवरच्या गाण्याला परकं म्हणावं, हे मला पटत नाही. 'सिटीज इन डस्ट'वर पाय थिरकतात म्हणून कुणाला ते मेलेल्यांवरचं नाचणं वाटतं. त्यांनी पुढच्या श्रावणात वाडीच्या घाटावर उभं राहून लोकांचे चेहरे पाहावेत.

आणि देवाणघेवाण तर झालेलीच आहे. बॅनशीजचं ब्रिटिश यादीत सगळ्यांत वर गेलेलं गाणं 'डियर प्रुडन्स' (१९८३, तिसरा क्रमांक) मुळात बीटल्सचं. ते १९६८ मध्ये हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात जन्मलं. ध्यानात बुडून खोलीबाहेर न येणाऱ्या एका मुलीसाठी. १९९१ च्या 'किस देम फॉर मी'मध्ये तलवीन सिंग यांचा तबला आहे. तो सजावटीपुरता वापरलेला नाही. अमेरिकेच्या यादीत ते तेविसाव्या क्रमांकापर्यंत गेलं.

आता जड आक्षेप. १९७६ मध्ये सूझीने दंडावर स्वस्तिक बांधलं होतं. आपल्या उंबऱ्यावरचं शुभचिन्ह नव्हे, हिटलरचं. युद्धाच्या आठवणी उगाळणाऱ्या थोरल्या पिढीला डिवचायला ते केलं, असं तिने पुढे सांगितलं. मला हे समर्थन पुरेसं वाटत नाही. ज्यांची घरंदारं त्या चिन्हाखाली जळली, त्यांना आपल्या बंडाचं सामान करणं चूकच होतं, आणि वय एकोणीस होतं म्हणून ते कमी चूक होत नाही. 'हाँगकाँग गार्डन'बद्दलही असंच बोललं पाहिजे. ज्या चिनी उपाहारगृहातल्या माणसांना गुंड पोरं छळत होती त्यांच्या बाजूने ते लिहिलं गेलं, पण शब्दांत चिनी लोकांबद्दलच्या ठोकळेबाज कल्पनाच फार आल्या. हेतू चांगला, शब्द उणे.

पण एवढ्यावर निकाल देऊन फाइल बंद करणाऱ्यांनी पुढची पानं उलटलेली नसतात. याच बँडने पहिल्याच तबकडीत 'मेटल पोस्टकार्ड' हे गाणं जॉन हार्टफील्डला अर्पण केलं. हार्टफील्ड म्हणजे चित्रांच्या जुळणीतून नाझींचे वाभाडे काढणारा आणि त्यासाठी देश सोडावा लागलेला जर्मन कलावंत. पुढे तेच गाणं त्यांनी जर्मन भाषेत गायलं, आणि वेष्टणावर हार्टफील्डचं चित्र छापलं: एक कुटुंब जेवायला बसून लोखंड चावतंय. १९८० मध्ये 'इझ्राएल' हे गाणं आलं. चूक शब्दांनी पुसता येत नसते. ती कामाने फेडावी लागते. हे त्यांनी केलं.

सूझी बाई होती, हा मुद्दा विरोधकांच्या यादीत नसतो, पण त्याच्याशिवाय ही कारकीर्द कळत नाही. १ डिसेंबर १९७६ रोजी सेक्स पिस्टल्स हे पंक बँडवाले बिल ग्रंडी या निवेदकाच्या थेट कार्यक्रमात गेले, तेव्हा ती मागे उभी होती. तिने त्याला सहज एक थट्टेचं वाक्य टाकलं. त्यावर वयाने थोराड निवेदकाने प्रेक्षकांसमोर तिला 'नंतर भेटू' अशा अर्थाचं सुचवलं. मग पिस्टल्सच्या पोरांनी शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशीचे मथळे शिव्यांबद्दल होते. त्या सूचक वाक्याबद्दल फार कुणाला राग आला नाही. बारा वर्षांनी तिने 'पीक-अ-बू' केलं, बाईच्या देहाकडे फटीतून पैसे टाकून पाहणाऱ्यांवरचं. जुन्या ध्वनिफितीतलं ब्रास वाद्यांचं वादन उलटं फिरवून त्यावर ते रचलं. अमेरिकेच्या बिलबोर्डने सप्टेंबर १९८८ मध्ये मॉडर्न रॉकची नवी यादी सुरू केली, तिच्या पहिल्या आठवड्यात हेच गाणं अव्वल होतं. बायकांनी गावं पण कुणाला टोचू नये, या अपेक्षेला इतकं तयारीचं उत्तर त्या दशकात मला दुसरं ऐकू आलं नाही.

बँडच्या चिवटपणाबद्दल थोडंच सांगतो. सप्टेंबर १९७९ मध्ये दौऱ्यात अ‍ॅबरडीनला कार्यक्रमाला काही तास असताना मॅके आणि मॉरिस निघून गेले. बाकीच्यांनी दौरा सोडला नाही. स्लिट्स या बँडमधून बजी आला, आणि आधी गाणाऱ्या द क्युअरचा रॉबर्ट स्मिथ रोज रात्री आधी स्वतःच्या बँडबरोबर, मग यांच्याबरोबर असा दोनदा वाजवू लागला. त्या दौऱ्याने आपला क्युअरकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला, असं त्यानेच सांगितलेलं आहे. पुढे मॅगझीन या बँडमधून गिटारवाला जॉन मॅकगिऑक आला आणि १९८१ मध्ये 'जूजू' ही तबकडी झाली. गिटारच्या तारा सुट्या सुट्या, झरझर छेडत त्याने जे विणलं, त्याचं ऋण स्मिथ्सच्या जॉनी मारपासून रेडिओहेडच्या एड ओब्रायनपर्यंत अनेकांनी मान्य केलं आहे. 'वाजवता येत नव्हतं' म्हणणाऱ्यांनी 'स्पेलबाउंड' या गाण्याची गिटार कुठल्याही चांगल्या वादकाकडून बसवून घ्यावी आणि किती दिवस लागतात ते मोजावं.

गॉथिक हे बिरुद सूझीने स्वतः वारंवार झिडकारलं. म्हणून आमच्याकडची काही नवी पोरं म्हणतात की खरं गॉथिक १९७९ मध्ये बॉहाउसच्या साडेनऊ मिनिटांच्या 'बेला लुगोसीज डेड'पासून सुरू होतं, बॅनशीज नुसते शेजारी. गाणं थोर आहे, वाद नाही. पण 'द स्क्रीम' त्याच्या आधीच्या वर्षी दुकानात आलेली होती. तारखा पाहाव्यात.

एप्रिल १९९६ मध्ये, सेक्स पिस्टल्स पुन्हा एकत्र येत असल्याची घोषणा झाली त्याच सुमारास, बॅनशीजने बँड बंद केल्याचं जाहीर केलं. वीस वर्षं, अकरा स्टुडिओ तबकड्या.

माझं विरोधकांना एवढंच सांगणं आहे की निवडक गाण्यांच्या संग्रहापासून सुरुवात करू नका. 'जूजू' लावा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये न थांबता; भर दुपारी, दारं उघडी ठेवून, घरातल्या पोरांना शेजारी बसवून. ती काय म्हणतात ते विचारा. मग शिरोळच्या कुठल्याही कट्ट्यावर भेटा, मी वाद घालायला येतो.