हे ऑब्जेक्ट बनवलं कुणी?

सबमिशनला दोन दिवस उरलेले, रात्रीचे अडीच वाजलेले आणि कन्सोलवर तीच लाल ओळ: नल पॉइंटर एक्सेप्शन!

आमची वेब सर्व्हिस अपाचे सीएक्सएफवर होती. येणारी प्रत्येक रिक्वेस्ट आधी इंटरसेप्टरकडे जायची. हा म्हणजे गेटवरचा वॉचमन; टोकन तपासून मगच आत सोडणार. टोकन तपासणारा क्लास त्याला स्प्रिंगने आणून द्यायचा. फील्डवर @ऑटोवायर्ड लिहिलेलं, तरी फील्ड नल!

पार्टनर म्हणाला, "सोड ना यार, नल असेल तर पुढे जाऊ दे." एक इफ टाकला. एरर गायब! आम्ही खूश होऊन झोपलो. सकाळी सहज म्हणून चुकीचं टोकन पाठवलं, तर तेही आत! एरर घालवण्याच्या नादात आम्ही गेटच उघडं टाकलं होतं.

खरं कारण अगदी साधं होतं. सर्व्हिसच्या क्लासवर @इनइंटरसेप्टर्समध्ये आम्ही इंटरसेप्टरचं नुसतं नाव दिलं होतं. त्यामुळे ऑब्जेक्ट सीएक्सएफने परस्पर बनवलं, स्प्रिंगला त्याचा पत्ताच नाही. मेसचा डबा रजिस्टरमध्ये नाव असलेल्यालाच मिळतो. मित्राच्या रूमवर गुपचूप राहणाऱ्याला कोण विचारतो? मग इंटरसेप्टर स्प्रिंगच्या एक्सएमएलमध्ये बीन म्हणून नोंदवला, एंडपॉइंटला त्याच बीनचा रेफरन्स दिला आणि ते ॲनोटेशन काढलं. नाहीतर गेटवर दोन वॉचमन आणि त्यातला एक उपाशी!

सीडीआयमधला प्रकार तर आणखी फसवा. तिथे बीन्स डॉट एक्सएमएलमध्ये इंटरसेप्टरची नोंद नसेल आणि क्लासवर @प्रायॉरिटीही नसेल, तर त्याला कुणी बोलावतच नाही. एररसुद्धा येत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: नल दिसला की इफ टाकू नका, आधी विचारा, हे ऑब्जेक्ट बनवलं कुणी? न्यू लिहून आपण, फ्रेमवर्कने, की कंटेनरने? जो बनवतो तोच इंजेक्शन देतो. मी तर आता असे क्लास कन्स्ट्रक्टरमधूनच मागतो. मिळाला नाही तर सर्व्हर सुरू होतानाच बोंब मारतो, मध्यरात्री गुपचूप गेट उघडत नाही.

आणि सरांना एक विनंती. व्हायवात नुसतं "आउटपुट दाखव" म्हणू नका, "चुकीचं टोकन पाठवून दाखव" असंही म्हणा. निम्म्या बॅचची झोप उडेल, पण इंजिनिअर तयार होतील.

बघा, पटतंय का!