बंब घ्याल, जवान कुठून आणाल?

छत्रपती संभाजीनगरात छावणीच्या दाणा बाजारात ३ एप्रिल २०२४च्या पहाटे एकाच घरातील सात जण गुदमरून गेले. खाली कपड्यांचे दुकान, वर बिऱ्हाड. ज्वाळांआधी धूर वर पोहोचला. वाळूजच्या हातमोजे कारखान्यात सहा कामगार दगावले ती ३१ डिसेंबर २०२३ची पहाट तेव्हा जुनीही झालेली नव्हती. दोन्ही वेळी नेते आले, मदत जाहीर झाली, चौकशी लागली. अशा आगीनंतर फायर ऑडिटचे फर्मान निघते. ते ऑडिट करणार कोण, हे मात्र कुणी सांगत नाही.

केंद्राने जुलै २०२३मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटींची योजना जाहीर केली. बहुतेक राज्यांनी पंचवीस टक्के वाटा घालायचा. उत्तम. पण आपल्याकडे असा पैसा आला की आधी गाड्या येतात. बंबाला हार घालता येतो, प्रशिक्षणाला घालता येत नाही. धुराने भरलेल्या जिन्यात श्वसनयंत्र लावून शिरायचे कसे, हे गाडी शिकवत नाही. ते जवानाला शिकवावे लागते, आणि दरवर्षी घोटून घ्यावे लागते.

राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ पासूनचे, ते नागपुरात. राज्याचे प्रशिक्षण केंद्र मुंबईत, कलिन्याला. मराठवाड्यातल्या पोराने तिथे जाऊन, राहून शिकायचे आणि परत येऊन कंत्राटावर राबायचे! ज्याला हे परवडत नाही तो गल्लीतल्या ‘फायर अँड सेफ्टी’ क्लासचा कागद घेतो. त्या कागदाच्या भरवशावर शहर सोडायचे?

शहरातल्या मुकुंदवाडीत या. दुकानावर घर, जिन्याखाली मीटरपेटी, तिथेच चार्जिंगला लावलेली दुचाकी, खिडक्यांना जाळ्या आणि रात्री शटर बंद. गल्ल्या अशा की बंब रस्त्यावरच थांबणार आणि पाइप ओढत आत जावे लागणार. पलीकडे चिकलठाणा एमआयडीसी. आग लागली तर मेन स्विच कुठे, धुरात वाकून चालायचे, सिलिंडर कसा बंद करायचा, हे इथल्या किती घरांना कुणी शिकवले?

१४ एप्रिलला अग्निशमन दिन. १९४४च्या मुंबई गोदीतील स्फोटात गेलेल्या जवानांना सलामी दिली जाईल, सप्ताहाचे फलकही लागतील. त्या फलकांचा खर्च वाचवा. निवडणूक आली की आचारसंहितेची ढालही पुढे करू नका. मते मागायला दारात येणाऱ्यांना निदान शब्द तरी देता येईल. मराठवाड्याचे सरकारी अग्निशमन प्रशिक्षण केंद्र चिकलठाणा किंवा शेंद्र्यात उभारा, प्रशिक्षणार्थींचा खर्च सरकारने उचलावा आणि शिकून आलेल्यांना कायम नेमणूक द्या. केंद्राचा पैसा आधी यावर खर्च करा; गाड्यांची निविदा नंतर काढा.